तात्यांच्या उघड्या मोटारीचे दोन आरसे

माझं गॅरेज बारामतीत भिगवण रस्त्याला होतं. गॅरेज म्हणजे वर पत्रा, खाली ऑइलनं काळी झालेली माती आणि मागं लोहाराचा भाता. बाप लोहार होता, म्हणून लोक मला मिस्त्री म्हणायच्या आधी दत्तू लोहारच म्हणायचे. पुढं इंजिनं उतरवली, चढवली, डिझेल पंप शिकलो, दोन माणसं हाताखाली आली. तरी कुणी विचारलं की आयुष्यात कुठलं काम चुकलं, तर मला इंजिन आठवत नाही. मला दोन आरसे आठवतात. बसवले होते चांगले. नंतर जे बोललो ते चुकलं.

साल नक्की सांगता येत नाही, पण पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. संस्थानं विलीन झाली तेव्हा राजेलोकांच्या जुन्या मोटारी लिलावात निघाल्या आणि आमच्या भागातल्या ऊसवाल्या बागाईतदारांनी त्या घेतल्या. कळंबजवळ मळा असलेले तात्या हे त्यातलेच एक. चाळीस एकर ऊस, मोसंबीची बाग, गावात शब्दाला वजन. त्यांची मोटार अमेरिकन बनावटीची, माझ्यापेक्षा थोडीच लहान असेल. उघडी. वर कॅनव्हासचा टप, तो मागं घडी घालून ठेवायचा. समोरची काचही पुढं वाकवून बॉनेटवर पाडता यायची. हॉर्न म्हणून रबरी फुग्याचा भोंगा. रंग मुळात हिरवा होता असं तात्या म्हणायचे, आम्ही मातीचाच पाहिला.

ही मोटार चालवायचा ज्ञानू. पूर्ण नाव ज्ञानदेव, पस्तिशीचा गडी, डोक्याला रुमाल, हात अतिशय हलका. त्याला मी मानायचो. पूर्वी तो गॅरेजात आला की गाडी उभी करायच्या आधीच सांगायचा, "मिस्त्री, तिसऱ्या टॅपेटचा आवाज यायलाय बघा," आणि इंजिन उघडलं की ते खरंच निघायचं. बोलकाही होता. तात्यांकडं जेवायला काय होतं इथपासून इंदापूरच्या कोर्टात कोण हरलं इथपर्यंत सगळं सांगायचा.

मग एका पावसाळ्यात त्याला मुदतीचा ताप आला. दीड महिना तो घरी पडून होता. परत कामावर आला तो निराळाच माणूस. बोलणं तुटलं. मी काही विचारलं की आधी माझ्या तोंडाकडं टक लावून बघायचा आणि मग मोजकं उत्तर द्यायचा, तेही कधीकधी भलतंच. टॅपेटचं तर नावच काढेना. बॉनेटवर तळहात टेकून डोळे मिटून उभा राहायचा. मला वाटलं, याला शिष्टपणा आलाय. पुढं वाटलं, शिष्टपणा नाही, हा काहीतरी लपवतोय.

असा तो दसऱ्यानंतर एकदा मोटार घेऊन आला. हातात तात्यांची चिठ्ठी होती, ज्ञानू सांगेल ते काम करून द्यावे. काम काय, तर बाहेरून आरसे बसवायचे. दोन.

आता हे काम बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. आरसा घ्या, बोल्ट मारा, झालं. पण त्या जुन्या मोटारींना कारखान्यातूनच आरसा नसायचा. त्या बनल्या तेव्हा रस्त्यावर मागून येणार कोण होतं? बैलगाडी मागं पडली की संपलं. आता साखरेच्या आणि उसाच्या लॉऱ्या सुरू झाल्या होत्या, एस. टी. सुरू झाली होती. टप चढवला की मागं बघायला कॅनव्हासमध्ये वीतभर सेल्युलॉइडची खिडकी, ती उन्हानं पिवळी पडून कांद्याच्या सालीसारखी झालेली. म्हणून आरसा बाहेरच हवा. तो बसवायचा कुठं हा खरा प्रश्न. समोरच्या काचेच्या चौकटीला बसवला तर काच पाडल्यावर आरशात आभाळ दिसतं. दाराला बसवला तर प्रत्येक वेळी दार आपटलं की त्याची नजर बदलते. मडगार्डवर बसवला तर लांब पडतो आणि पत्रा थरथरतो, मागची लॉरी एक की दोन तेच कळत नाही. मी काचेच्या खांबाच्या बुडाशी, जिथं तो बोल्टानं मोटारीच्या अंगाला धरलेला असतो, तिथं लोखंडी पट्टी वाकवून बसवायचो. खाली जुन्या ट्यूबचं रबर. पट्टी जितकी आखूड तितका आरसा स्थिर.

आरसे पुण्याच्या जुन्या बाजारातून आणले. लढाईनंतर मोडीत निघालेल्या लष्करी लॉऱ्यांचे, गोल, जाड काचेचे. उजवीकडच्या पट्टीला अर्धा दिवस, डावीकडच्या पट्टीला पूर्ण दिवस लागला, कारण ड्रायव्हर बसतो उजवीकडं आणि डावा आरसा त्याला अख्ख्या गाडीच्या रुंदीपलीकडून बघावा लागतो. ज्ञानू दोन्ही दिवस शेजारी बसून होता.

मागं कोण येतंय हे बघायची एवढी हौस कुणाला असते? त्या काळात दारूबंदी होती. मोटारीच्या ट्यूबमध्ये हातभट्टी भरून नेणारे लोक मला माहीत होते. एकाच्या गाडीचं चाक मी स्वतः उघडलं होतं आणि वासानं मागं सरलो होतो. मला वाटलं, तात्यांच्या पाठीमागं हा तेच करतोय. ज्ञानू हात धुवायला गेला तेव्हा मी त्याच्या बैठकीखाली हात घातला. एक लहान बाटली लागली. बूच काढून वास घेतला, तर लसूण घालून कढवलेलं तेल. बाटलीला कापसाचे बोळे चिकटलेले. मी बाटली परत ठेवली. खोटं कशाला बोलू, मला निराशाच वाटली.

आरसे बसले. आता नजर लावायची. याची रीत अशी, की ड्रायव्हरनं आपल्या जागी बसायचं आणि दुसऱ्यानं मागं पंचवीस पावलं जाऊन उभं राहायचं. मी मागं जाऊन ओरडलो, "दिसतोय का?" उत्तर नाही. पुन्हा ओरडलो. तिसऱ्यांदा ओरडलो. रस्त्यावरचे दोघे थांबून बघायला लागले, पण हा मिठाची गुळणी धरून बसलेला. वैतागून मी हात वर केला, तसा तो लगेच म्हणाला, "दिसलं, दिसलं."

उजवा आरसा रस्त्यावर लागला. डाव्यापाशी आलो तर ज्ञानूनं माझा हात धरला. डावा आरसा त्याला आत वळवून हवा होता. मागच्या बैठकीवर, डाव्या कोपऱ्यावर. तिथं तात्या बसायचे.

मी म्हणालो, त्याचा रस्त्याला काय उपयोग?

"उपेग हाय," तो म्हणाला. मग थोडा थांबून, "मिस्त्री, ह्यो आरसा कसा लावलाय ते कुणाला बोलू नका."

मी आरसा वळवून दिला. पण ते वाक्य माझ्या डोक्यात कुसळासारखं राहिलं. मालकाचं तोंड सतत बघायला ड्रायव्हरला आरसा कशाला लागतो?

आरशाची एक गोष्ट मात्र ज्ञानूच्या ध्यानात आली नव्हती. आरशात तुम्हाला ज्याचे डोळे दिसतात, त्यालाही तुमचे दिसतात.

संक्रांतीच्या आसपास तात्या माझ्याकडं आले. एस. टी.नं आले. दाराशी मोटार असणारा माणूस एस. टी.नं आला, एकटा आला, आणि आल्या आल्या माझ्या माणसांना चहाच्या निमित्तानं बाहेर घालवून दिलं. मी समजून चुकलो, काहीतरी आहे. ते ऑइलच्या डब्यावरच बसले. धोतराला डाग पडेल म्हणालो तर हातानं उडवून लावलं.

तेव्हा आमच्याकडं सहकारी साखर कारखान्याचं वारं वाहत होतं. गावोगाव जाऊन शेअर गोळा करायचे, जो जास्त गोळा करील तो संचालक होणार अशी बोलवा. तात्या एका बाजूला, इंदापूरकडचे माणिकराव दुसऱ्या बाजूला. तात्या म्हणाले, गेले दोन महिने आपण ज्या गावाला जातो तिथं माणिकराव आदल्या दिवशीच येऊन गेलेला असतो. अंथुर्ण्याला तेच, लासुर्ण्याला तेच. मोटारीत आपण कारभाऱ्यांशी बोलतो, ते बाहेर जातं कसं? आणि ज्ञानू आरशातून सारखा आपल्याकडं बघत असतो. रस्त्याकडं एकदा बघतो आणि आपल्याकडं दोनदा.

मग त्यांनी विचारलं, "दत्तोबा, त्यो डावा आरसा तू चुकून तसा बसवलास, का त्यानं तसा बसवून घेतला?"

मी खोटं बोललो असतो तर चाललं असतं. चुकून बसला, वळवून देतो, एवढं म्हणायचं होतं. पण मला त्या वेळी स्वतःच्या हुशारीचा मोह पडला. एवढा मोठा माणूस ऑइलच्या डब्यावर बसून मला विचारतोय. मी म्हणालो, "तात्या, मलाबी ते खटकलंच होतं. त्यानं सांगून बसवून घेतला. वर म्हणाला, कुणाला बोलू नका."

तात्यांचा चेहरा उतरला. राग येईल असं मला वाटलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. ती पाहून माझी खात्रीच पटली, की ज्ञानू विकला गेलाय.

आठ दिवसांत ज्ञानूला काढलं. तात्यांनी त्याला कारण सांगितलं नाही, नुसतं उद्यापासून येऊ नको म्हणाले. पण माणिकरावाचा कान म्हणून काढला ही बातमी बारामतीपासून इंदापूरपर्यंत पसरली, आणि ती पसरवण्यात माझाही हातभार होता. गॅरेजात येणाऱ्याला मी आरशाची हकिगत रंगवून सांगायचो. तात्यांचा चुलत पुतण्या मोटार चालवायला लागला. तो एकदा आला आणि डावा आरसा रस्त्यावर लावून घेऊन गेला. गंमत म्हणजे त्यानंतरही माणिकराव प्रत्येक गावात आदल्या दिवशीच पोचत राहिले. त्यांच्याकडं नवीन जीप होती आणि तात्यांच्या दौऱ्याची गावं चावडीच्या फळ्यावर खडूनं लिहिलेली असायची. हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं असेल तरी संशयाला ते पुरेसं वाटलं नसेल.

उन्हाळ्यात मी निमगाव केतकीला एका विहिरीवरचं इंजिन बघायला गेलो होतो. काम संपवून इंदापूरला आलो, तो बाजाराचा दिवस. रस्त्याच्या मधून मला ज्ञानू पाठमोरा जाताना दिसला. खांद्यावर रिकामं पोतं. मी हाक मारली. त्यानं वळून पाहिलं नाही. मला वाटलं, रागावलाय, बरोबरच आहे. पुन्हा हाक मारली. तेवढ्यात मागून एक लॉरी आली, हॉर्न देत. माणसं बाजूला झाली, शेळ्या बाजूला झाल्या. ज्ञानू तसाच मधून चालत राहिला. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेना. मी पळत जाऊन त्याचा दंड धरून ओढला आणि लॉरी आमच्या अंगावर धूळ उडवून गेली.

त्यानं आधी लॉरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझ्या डोळ्यांकडं नाही, तोंडाकडं.

तिथं रस्त्यात उभ्या उभ्या मला सगळं कळलं. बॉनेटवर टेकलेला हात, लसणाचं तेल, तीन हाका, मागच्या बैठकीकडं वळवलेला आरसा. तात्या मागून काही सांगतायत का, कुठं वळायला सांगतायत का, हे त्याला त्यांचे ओठ आणि हात बघूनच कळणार होतं. मान वळवली तर तात्या "समोर बघ" म्हणून ओरडायचे. ज्याला आम्ही माणिकरावाचा कान म्हणून हाकलला, त्याला कानच नव्हते.

मी त्याला हॉटेलात नेलं. चहा सांगितला. त्यानं थोडक्यात सांगितलं. तापातून उठला तेव्हा डावा कान गेलेला, उजव्यात नुसता भुंगा गुणगुणल्यासारखा आवाज. तेल घालून पाहिलं, पुण्याला दवाखान्यात जाऊन आला. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, की परत येणार नाही. तो कागद त्यानं घरी चुलीत घातला. बायकोशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

मला माझं सांगायचं होतं. मी मान खाली घालून पुटपुटलो. तो म्हणाला, "काय?" मी थोडं मोठ्यानं बोललो. पुन्हा "काय?" मग मी ओरडलोच. हॉटेलातली माणसं वळून बघायला लागली. ज्ञानूनं टेबलावरून हात पुढं केला.

"वरडू नका. वरडून काय उपेग न्हाय. तोंड माज्याकडं करून सावकाश बोला."

मग त्याच्या डोळ्यांत बघत मला एकेक शब्द उच्चारावा लागला. मीच सांगितलं तात्यांना. मीच.

त्यानं विचारलं, "आरशाचं?"

मी मान हलवली.

"आन कानाचं?"

ते मला आत्ता कळलं, असं मी म्हणालो. उद्याच कळंबला जातो, तात्यांना सगळं खरं सांगतो, ते तुला परत घेतील. मला वाटलं, त्याला बरं वाटेल. पण तो घाबरला. बाजारात लॉरी अंगावर आली तेव्हा घाबरला नव्हता एवढा घाबरला.

"मिस्त्री, तसलं काय करू नका. चहाडखोर म्हणून काढला तर दुसऱ्याकडं काम मिळतंय. भैरा म्हणून काढला तर कुटंच मिळत न्हाय. लायसन जाईल. शपथ घ्या."

मी शपथ घेतली. तो चहा अर्धा टाकून उठला. माफ केलं असं म्हणाला नाही, आणि मी विचारलंही नाही.

दोन महिन्यांनी माणिकरावांची जीप माझ्या दारात उभी राहिली आणि चाकावर ज्ञानू. माणिकरावांचा हिशेब असा, की तात्यांचा माणूस आपल्याकडं आला तर तात्यांची सगळी गुपितं आली. ज्ञानूला त्यांनी खोदून खोदून विचारलं म्हणे. तो गप्प. त्याला काही ऐकूच आलं नव्हतं तर सांगणार काय? माणिकरावांना वाटलं, काय इमानी माणूस आहे, जुन्या मालकाचं काही काढत नाही. तिकडं तात्यांना कळलं तेव्हा ते म्हणाले, बघा, मी सांगत नव्हतो?

ज्ञानूला जीपला तीन आरसे हवे होते. मी बसवून दिले. नजर लावताना मागं जाऊन उभा राहिलो, तोंडानं काही बोललो नाही, नुसता हात वर केला.

पुढची दोन वर्षं मला सुखाची गेली नाहीत. शपथ घेऊन मी गप्प बसलो होतो, पण रस्त्यावर लोक चालत होते, पोरंबाळं होती, आणि एक माणूस कानाशिवाय गाडी चालवतोय हे मला एकट्याला माहीत होतं. गॅरेजात कुणी अपघाताची बातमी आणली की मी आधी विचारायचो, कुठली गाडी? पुढं तर मी त्याच्यावर पाळत ठेवल्यासारखं करायला लागलो. इंदापूरहून येणाऱ्या लॉरीवाल्यांना विचारायचो, माणिकरावांची जीप कशी चालवतो तो? सगळे म्हणायचे, फार सांभाळून. एक जण म्हणाला, इतक्या वेळा आरशात बघणारा ड्रायव्हर आपण पाहिला नाही. मला त्यानं बरं वाटलं नाही.

एका दुपारी जीप आली. डावा दिवा फुटलेला, मडगार्ड चेपलेलं. ज्ञानू उतरला, किल्ली माझ्या ऐरणीवर ठेवली आणि खाली बसला. लासुर्ण्याच्या पुढं उसाच्या फडातून एक बैलगाडी एकदम रस्त्यावर आली होती. गाडीवानानं आरोळी दिली, बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. हे सगळं त्याला नंतर गाडीवानानं सांगितलं. ज्ञानूनं वळवली तरी बैलाचं शिंग दिव्यात गेलं आणि गाडीवरची बाई खाली पडली. तिचा हात खरचटला, बाकी काही झालं नाही. ज्ञानूनं तिला दवाखान्यात नेलं, मलमपट्टी करून घरी सोडलं आणि मग इकडं आला.

"मागचं दिसतं, मिस्त्री," तो म्हणाला. "बाजूनं येतंय ते आरशात येत न्हाय."

मग तो म्हणाला, माणिकरावांना निरोप द्या, मी येणार नाही. शेळगावला अडीच एकर रान आहे, कॅनॉलचं पाणी आलंय, वांगी-मिरची करीन. उठताना म्हणाला, "आता कुणाला सांगायचं त्याला सांगा. माजी हरकत न्हाय."

तो माझ्या गॅरेजातून चालत एस. टी.च्या थांब्यावर गेला. मी मागून हाक मारणार होतो, मग आठवलं.

दुसऱ्या आठवड्यात मी कळंबला गेलो. तात्या थकले होते. कारखान्याच्या संचालकपदाचं काही जमलं नव्हतं. पुतण्या नोकरीला गेलेला, मोटार गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी, टपावर कोंबड्या बसलेल्या. मी ओसरीवर बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मला काय वाटलं, कसं बोललो, आणि खरं काय होतं.

मला वाटलं होतं, तात्या हळहळतील, फार तर मला शिव्या देतील. तसं काही झालं नाही. मग त्यांनी विचारलं, "तापातनं उठला तवापासनं?"

व्हय म्हणालो.

"म्हंजी दिवाळीच्या येळंला त्याला काय ऐकू येत नव्हतं."

काहीच नाही, मी म्हणालो. सावकाश बोललं आणि ओठ दिसले तर थोडं कळायचं.

तात्यांनी पाय वर घेतले आणि खालच्या आवाजात जे सांगितलं ते मी आजवर कुठं बोललो नव्हतो. आता सांगायला हरकत नाही, त्या घरातलं कुणी राहिलं नाही. ज्ञानूला काढायला माणिकरावाचं नुसतं निमित्त होतं. त्या दिवाळीत एकदा तात्या इंदापूरच्या कोर्टातून एकटेच परतत होते. रस्त्याला कुणी नव्हतं. त्यांनी ज्ञानूला आपल्या धाकट्या भावाचं सांगितलं. वाटण्या झाल्या तेव्हा भाऊ आजारी होता, कागद वाचून न दाखवता त्याचा अंगठा घेतला आणि विहिरीकडचं रान स्वतःच्या नावावर केलं. भाऊ बायको घेऊन सासुरवाडीला गेला आणि तिथंच वारला. हे तात्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं, देवापुढं म्हटलं नव्हतं. मोटारीत, वाऱ्यात, पुढं बसलेल्या पाठमोऱ्या माणसाला सांगितलं. आणि ज्ञानूनं आरशात त्यांच्याकडं बघून मान हलवली होती.

"मला हलकं वाटलं," तात्या म्हणाले. "घरी पोचलो आन भ्या वाटाय लागलं. रोज त्याचं डोळं आरशात दिसायचं. वाटायचं, ह्याला म्हाईत हाय. उद्या ह्यो बोलंल. म्हणून घालवला."

कोंबड्या टपावरून उडाल्या. तात्या तिकडं बघत म्हणाले, "म्हंजी ते कुणीच ऐकलं न्हाय."

हे त्यांनी सुटल्यासारखं म्हटलं की हरवल्यासारखं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.

थोड्या वेळानं ते उठले, डोक्याला फेटा गुंडाळला आणि म्हणाले, मोटार चालू कर. बॅटरी मेलेली होती. मी प्लग साफ केले, टाकीत पेट्रोल घातलं, हँडल मारून मारून घामाघूम झालो, तेव्हा कुठं इंजिननं श्वास घेतला. तात्या मागं बसले नाहीत. माझ्या शेजारी पुढं येऊन बसले. शेळगावला घे म्हणाले.

ज्ञानू वांग्याच्या सऱ्यांत पाणी फिरवत होता, आमच्याकडं पाठ करून. त्याच्या बायकोनं जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला तेव्हा तो वळला. तात्यांना बघून त्यानं खोरं खाली ठेवलं, हात धोतराला पुसले. दोघं बांधावर समोरासमोर बसले. मी मुद्दाम मोटारीपाशीच थांबलो. त्याच्या बायकोनं मला पाणी आणून दिलं आणि तीही घरात गेली.

तात्या आधी बोलायला लागले ते खाली मान घालून. ज्ञानूनं हात पुढं करून त्यांची हनुवटी दाखवली, वर करा म्हणून. तात्यांनी मान वर केली. एवढ्या लांबून मला शब्द कळत नव्हते, पण तोंड उघडताना दिसत होतं, सावकाश, एकेक अक्षर फोडून. एकदा त्यांनी अंगठा कागदावर टेकवल्यासारखी खूण केली. पाणी सरीतून बाहेर जायला लागलं होतं, ज्ञानूचं तिकडं लक्ष नव्हतं. मध्येच त्यानं हात वर करून तात्यांना थांबवलं. काहीतरी त्याला नीट कळलं नव्हतं. त्यानं ते पुन्हा म्हणायला सांगितलं.

तात्यांनी ते पुन्हा म्हटलं.